गिधाडसाहेबांची चव

एका जंगलात पिल्लं पुष्कळ होती आणि झाडून सगळी रोडकी होती. निवडणूक जवळ आल्यावर हे सिंहमहाराजांच्या लक्षात आलं. त्यांनी गर्जना केली, "प्रत्येक पिल्लाला रोज वाटीभर खिचडी! भुकेला हद्दपार करू!"

शाळेत एक रीत होती. वाढण्याआधी कुणातरी आईनं खिचडी चाखायची आणि वहीत पंजा उठवायचा. सोमवारी पाळी होती तानूबाई सशिणीची. तिनं घास घेतला आणि लगेच थुंकला.

"डाळीला बुरशी आलीया. म्या पंजा देणार न्हाई."

पोषणमंत्री रानडुक्कर धावत आले. "बाई, वाटी भरलीय ना? मग झालं पोषण! बुरशी आमच्या खात्यात येत नाही." त्यांनी स्वतःच वहीत खूर उठवला, खिचडी वाढली.

तानूबाई अन्नसुरक्षा खात्याकडे पळाली. तिथले कासवसाहेब म्हणाले, "अजून कुणी आजारी पडलंय का? नाही ना? मग आम्ही काय तपासू?"

संध्याकाळपर्यंत तिची दोन्ही पिल्लं पोट धरून लोळत होती. बाई ढसाढसा रडली. रडेल नाही तर काय करेल!

जंगलात बोंब झाली. महाराज कळवळले आणि त्यांनी दोन्ही खाती एक केली. म्हणजे मधली भिंत पाडली, दारावर नवी पाटी लावली आणि पाटीला हार घातला. आयांना कशाला त्रास, म्हणून चव घ्यायला तज्ज्ञ नेमले. गिधाडसाहेब. दांडगा अनुभव; उभ्या आयुष्यात त्यांना काहीही नासलेलं लागलं नव्हतं.

त्यांनी पहिल्याच दिवशी अहवाल दिला : "खिचडी उत्तम. अळ्यांमुळे प्रथिनं वाढली आहेत."

मग मोठा सोहळा झाला. महाराज व्यासपीठावर वाटी घेऊन उभे राहिले, फोटो निघाले. गर्दीतून तानूबाई पुढं आली.

"महाराज, माझं धाकटं अजून उठलं न्हाई. तुमी एक घास खावा, मंग म्या बी म्हणंन चांगली हाय."

महाराजांनी वाटीत पाहिलं. गिधाडसाहेबांकडे पाहिलं. मग डोळे मिटून छातीवर पंजा ठेवला.

"माते, आज माझा उपवास आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हापासून त्या जंगलात पोषण सप्ताह लागला, की सगळं मंत्रिमंडळ कडक उपवास धरतं.