साळिंदराचे पांढरे दात

जंगलात प्राण्यांची पंचायत भरायची, त्या काळची ही गोष्ट. दुसऱ्याच्या दातांना हात लावायचा तो फक्त अस्वलवैद्यांनी, असा पंचायतीचा नियम होता.

भिकोबा साळिंदराचं लग्न ठरलं आणि त्याला आपले पिवळे दात खुपू लागले.

"अरे, साळिंदराचे दात पिवळेच असायचे. त्यातच त्यांचं बळ आहे," वैद्य म्हणाले.

म्हाताऱ्याला काही कळत नाही, असं ठरवून भिकोबा तळ्याकाठी दात पांढरे करून द्यायचं दुकान थाटलेल्या बगळ्याकडे गेला. बगळा इतका पांढराशुभ्र, की त्याला काही विचारावं असं भिकोबाला वाटलंच नाही. बगळ्याने चिंचेचा कोळ आणि शिंपल्यांची पूड लावून तासभर चोचीने दात खरवडले.

लग्नात भिकोबा कारण नसताना हसत होता. पंगतीत त्याने सुरणाचा गड्डा चावला, तशी कळ मस्तकात गेली आणि पुढचा दात तुटून पानात पडला. दात पांढराशुभ्र होता.

"हे काम तो कुणाकडे शिकला, एवढं तरी विचारायचंस," बगळ्याची हकीकत ऐकून वैद्य म्हणाले.

"शिकण्याचं सोडा," भिकोबा तोंडावर पंजा धरून म्हणाला. "तासभर त्याची चोच माझ्या तोंडात होती. तिच्यात एकही दात नाही, हे मला दिसलं नाही. मी त्याची पिसं बघत होतो."