न संपणारा ताका

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नव्हती. घाव, रक्त, पू असलं काही मुलींनी तोंडानं बोलू नये, असं मला बजावलेलं आहे. पण गोष्टच त्याची आहे, त्याला मी काय करणार? हळू आवाजात सांगते. पलीकडच्या खोलीत काकू आहेत, त्यांना वाटतंय मी पोथी वाचते आहे.

एका राज्यात एक नदी होती आणि नदीच्या दोन काठांवर दोन राजे होते. अलीकडे भद्रसेन, पलीकडे उदयराज. दोघे एकाच आजोबांचे नातू, म्हणून भांडण जास्तच कडू. आजोबांनी राज्य कुणाला ठेवलं यावरून तीन वर्षं लढाई चालली होती, आणि नदीकाठच्या माळावर गवतापेक्षा बाण जास्त उगवले होते.

एके दिवशी भद्रसेनाची दवंडी फिरली. "ज्या बायकांच्या हाताला गुण असेल त्यांनी रणाजवळच्या तळावर यावं. घायाळांची सेवा करावी. सक्ती नाही."

सक्ती नव्हती, तरी बायका निघाल्या. त्यांच्यात सारजा होती. सारजा रंगाऱ्याची मुलगी. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण नजर अशी, की कापड कुठल्या पाण्यात रंगवलं ते ती लांबून ओळखी. तिचा धाकटा भाऊ हैबती लढाईवर गेला होता. आईबापामागं तिनंच त्याला वाढवला होता.

बायकांची मुख्य भागूमावशी. राजवाड्यातली जुनी सुईण. निम्म्या दरबाराला तिनंच जगात आणलं होतं, त्यामुळे ती कुणालाच भीत नसे. प्रत्येक बाई येताना जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन आली होती. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घावाला सोसतं, हे त्यांना माहीत होतं.

पण पहिल्याच दिवशी राजानं एक पेटी पाठवली. आजोबांच्या खजिन्यातली. तिच्यात पांढऱ्या कापडाचा एक ताका होता, सायीसारखा मऊ. त्यातून कितीही फाडा, झाकण लावून उघडलं की पेटी भरलेली.

"राजानं खजिना उघडला आपल्यासाठी," भागूमावशी म्हणाली. "त्याच्यापुढं ही जुनेरं कसली ठेवता? अपमान होईल." आणि बायकांनी आपली गाठोडी चुलीत घातली. पाणी तापलं, राख उरली.

चुकलं ते इथंच.

ताक्याच्या पट्ट्या बांधल्या की रक्त थांबे, दुखणं कमी होई. पण घाव भरत नसे. महिना गेला, दोन गेले. कालचा घाव आज तसाच, आजचा उद्या तसाच, ओला आणि उघडा. वैद्य मुळ्या बदलत राहिले. माणसं घावानं मरत नव्हती, झिजून मरत होती.

आणि एका सकाळी डोलीतून हैबती आला. मांडीत भाला गेला होता.

"आक्का," तो म्हणाला, "तू इथं? मग मी मरत नाही."

सारजेनं त्याला स्वतःच्या हातानं हळद लावली, स्वतःच्या हातानं पट्टी बांधली. आठवडाभरात त्याचे गाल आत गेले. वैद्यानं तिला बाजूला घेतलं. "अमावास्येपर्यंत खपली धरली तर धरली. नाही तर मन घट्ट कर."

अमावास्येला सात दिवस होते.

त्या दुपारी सारजा नदीवर पट्ट्या विसळत होती. पट्टी पाण्यात बुडवली की रक्त निघून जाई आणि पट्टी कोरी. बाकीच्या बायकांना त्याचं कौतुक. सारजा मात्र एक पट्टी उन्हात धरून बघत बसली.

"मावशी, हळद बसत नाही हिच्यावर."

"बरंच आहे की! धुणं वाचलं."

"पण मावशी, हळद कशावरही बसते. दगडावर बसते. नखावर बसते. हळद लागत नाही असं कापड मी कधी पाहिलं नाही."

"रंगाऱ्याची पोर ती रंगाऱ्याचीच पोर," मावशी म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

पलीकडच्या काठावर उदयराजाच्या तळावरच्या बायका धुणं धूत होत्या. पाणवठ्यावर बाण मारायचा नाही, एवढा एकच नियम दोन्ही फौजा पाळत. धुण्याच्या दगडावर एक परीट पक्षी शेपटी खालीवर करत उभा होता.

"तुझं बरोबर आहे," परीट म्हणाला.

पक्षी बोलला याचं सारजेला नवल वाटलं नाही. तळावर इतक्या जणांचं बोलणं ऐकायची सवय झाली होती, त्यात आणखी एक.

"काय बरोबर आहे?"

"ते कापड काहीच धरत नाही. रंग धरत नाही, मळ धरत नाही, शेवट धरत नाही. त्याच्यावर मंत्र आहे 'संपू नकोस' असा. ते ज्याला शिवतं त्यालाही तेच सांगतं. घावालासुद्धा."

सारजेनं हातातली पट्टी टाकली. "मग मी माझा पदर फाडून बांधते त्याला."

"हे कापड एकदा लागलं की तो घाव दुसऱ्या कापडानं भरायचा नाही. तीन कामं आहेत. विणायचा माग शोध, कारण हा ताका अजून मागावर आहे, म्हणून तो संपत नाही. विणणाऱ्याचे हात बांध, पण माग थांबवू नकोस. तिसरं काम तो सांगेल."

"माग कुठं आहे?"

"ज्या माळावर दोघं लढतात, तिथंच." आणि परीट उडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजेनं कमरेवर घागर घेतली आणि ती माळावर गेली. डोक्यावरून बाण सूं सूं जात होते. ती वाकून जात राहिली. वाटेत बाभळीखाली एक शिपाई पडला होता. अंगरखा पलीकडच्या रंगाचा. तिनं बसून त्याला पाणी पाजलं.

"तू आमच्याकडची की त्यांच्याकडची?" त्यानं विचारलं.

"मी पाण्याकडची," सारजा म्हणाली. मग तिचं तिलाच नवल वाटलं, की आपल्याला उत्तर सुचलं कसं.

तो हसला, हसताना त्याला दुखलं. "मग एक सांगतो. इथं पडल्या पडल्या जमिनीतून आवाज येतो. खट्, खट्, खट्. आमचे म्हणतात त्यांचा नगारा, तुमचे म्हणत असतील आमचा. कान लावून ऐक. नगारा नव्हे तो."

सारजेनं जमिनीला कान लावला. तिच्या आळीत कोष्ट्यांची घरं होती. मागाचा आवाज तिनं ओळखला. आवाजाच्या मागोमाग ती टेकडीच्या पोटातल्या गुहेत शिरली.

गुहेत एक म्हातारा विणत बसला होता. दाढी मागाखालून दोनदा फिरून आली होती. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. विणलेलं कापड गुंडाळायच्या आतच नाहीसं होई आणि दोन्ही राजांच्या पेट्यांत जाऊन पडे. त्याची बोटं सुतानं चिरली होती, हाडापर्यंत. इतक्या वर्षांत त्यांना कुणी पट्टी बांधली नव्हती.

"बाबा, हात द्या."

"हात थांबत नाहीत, बाई."

"थांबवू नका."

तिनं स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडला. मागाशेजारी बसली आणि आधी नुसती डोलत राहिली, धोट्याच्या लयीत. मग धोटा डावीकडे गेला की उजव्या हाताला एक वेढा, उजवीकडे गेला की डाव्याला एक. एक बोट झालं. दुसरं झालं. दुपार कलली तेव्हा दहाही बोटं बांधून झाली होती, आणि माग एकदाही अडखळला नव्हता.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, सारजेनं पुसलं.

"विचार," तो म्हणाला.

"तिसरं काम काय?"

"या दोन राजांचे आजोबा. त्यांनी मला इथं बसवलं आणि म्हणाले, मी पुरे म्हणेपर्यंत विण. त्यांच्या मांत्रिकानं तो शब्द मागाला बांधला. आणि राजा पुरे म्हणायच्या आधीच मेला. लोभी नव्हता गं, विसराळू होता. आता त्याचे वारस म्हणतील तर माग थांबेल. वारस दोन आहेत. दोघांनी म्हणायला हवं, इथं, माझ्यासमोर."

सारजा तळावर आली आणि तिनं भागूमावशीला सगळं सांगितलं. एका दमात इतकं ती जन्मात बोलली नव्हती. मावशीचा चेहरा उतरला.

"गाठोडी मीच जाळायला लावली," ती म्हणाली. मग कासोटा खोचला आणि थेट नदीवर गेली.

"अगं ए तुळजाक्का!" तिनं पलीकडच्या मुख्य बाईला हाळी दिली. "तुमच्यात घाव भरतात का गं?"

"तुमच्यासारखेच भरतात!" पलीकडून उत्तर आलं. "आमच्या राजाच्या खांद्याला बाण लागलाय, सहा महिने झाले. कुणाला सांगू नकोस!"

"आमच्याचा दंड! तूही सांगू नकोस!"

अशी दोन्ही राजांची गुपितं नदीवरून ओरडून सांगितली गेली, आणि मग दोघींनी बेत ठरवला.

संध्याकाळी राजाच्या दंडाची पट्टी बदलताना मावशी म्हणाली, "हात हवा असेल तर उद्या दुपारी टेकडीतल्या गुहेत या. एकटे. तलवार ठेवून."

"तू मला हुकूम करतेस?" भद्रसेन गरजला.

"तुमची नाळ मी कापली आहे, महाराज. तेव्हाही तुम्ही असेच ओरडत होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुहेच्या एका तोंडातून भद्रसेन आला, दुसऱ्यातून उदयराज. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांचे हात कमरेला गेले. तिथं काही नव्हतं.

मागाशेजारी सारजा बसली होती, म्हाताऱ्याच्या पट्ट्या नुकत्याच बदलून. म्हाताऱ्यानं विणता विणताच दोघांना सगळं सांगितलं.

"हा असं म्हणेल तर मीही म्हणेन," भद्रसेन म्हणाला.

"मी आधी म्हणू? म्हणजे मी हरलो असं उद्या गावभर होईल," उदयराज म्हणाला. "धाकट्यानं आधी म्हणावं."

"धाकटा कोण? तू श्रावणातला!"

"आषाढातला आहे मी!"

खट्, खट्, खट्. धोटा चालला होता. सारजेला गप्प बसणं सोपं होतं. जन्मभर ती तेच करत आली होती. पण तिला तळावरचा हैबती दिसत होता. अमावास्येला पाच दिवस उरले होते. ती उठली. तिनं म्हाताऱ्याच्या फिरत्या हातांकडे बोट दाखवलं. पट्ट्या पुन्हा लाल झाल्या होत्या.

"महाराज," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी ती बोलत राहिली. "तुम्ही बोलत होता तेवढ्यात यांच्या पट्ट्या भिजल्या. तुमचा शब्द एक आहे, त्याला वेळ लागत नाही. माझ्या भावाचं नाव हैबती आहे. पलीकडच्या फौजेतल्या त्या बाभळीखालच्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, ते माझं चुकलं. ते दोघं तुमच्यापैकी मोठा कोण, याची वाट बघत नाहीत. ते खपलीची वाट बघत आहेत."

उदयराजानं आपल्या खांद्याकडे पाहिलं. अंगरखा ओला झाला होता. त्यानं वर पाहिलं तर भद्रसेनाची बाहीही ओली होती.

"तुझाही भरत नाही?" त्यानं विचारलं.

"रात्रभर ठणकतो," भद्रसेन म्हणाला. आणि खाली बघत, रुसलेल्या पोरासारखा, पुटपुटला, "पुरे."

"पुरे," उदयराज म्हणाला.

धोटा उजवीकडे गेला आणि तिथंच राहिला.

म्हाताऱ्यानं मांडीवर हात ठेवले. त्यांच्याकडे तो खूप वेळ बघत होता. मग तो आडवा झाला आणि घोरू लागला. त्याच क्षणी दोन्ही तळांवरच्या दोन्ही पेट्यांत ताक्याला शेवट फुटला, दशा सुटल्या, आणि सगळ्या पट्ट्यांवर इतक्या महिन्यांची हळद एकदम पिवळी उमटली.

घाव काही नाहीसे झाले नाहीत. ते घावांसारखे वागू लागले, एवढंच. तिसऱ्या सकाळी सारजा हैबतीची पट्टी सोडायला वाकली.

"आक्का, खाजतंय गं."

"कुठं?"

"तिथंच. मांडीत."

तिनं पाहिलं. कडेनं खपली धरली होती. "खाजवू नकोस हं," ती म्हणाली, आणि तंबूच्या मागं जाऊन रडून आली.

राजे मानी होते. लढाई अजून काही दिवस ताणावी असं दोघांच्याही मनात होतं. पण पेट्या आता रिकाम्या होत्या, म्हणून त्यांनी बायकांकडे कापड मागितलं. भागूमावशी अलीकडून म्हणाली, तुळजाक्का पलीकडून म्हणाली, "होती ती लुगडी जाळली, आता अंगावरची उरली आहेत. महाराजांनी नवे घाव आणू नयेत." राजांनी विचार केला. मग नदीच्या मधोमध नाव बांधून दोघं बोलायला बसले, आणि राज्य आजोबांच्या वेळी होतं तसं एक झालं. मोठा कोण हे अजून ठरलेलं नाही. एक वर्ष हा गादीवर बसतो, एक वर्ष तो.

बाभळीखालच्या माणसाचं नाव सारजेनं जाऊन विचारलं. त्याचं नाव मानकोजी. विणणारे बाबा चार दिवस झोपले, उठले, आणि भाकरी मागितली. ती त्यांना भागूमावशीनं कुस्करून भरवली, कारण बोटं अजून बांधलेली होती.

आणि मग हैबती पहिल्यांदा उठायला निघाला. सारजेनं त्याला धरलं नाही. ती चार पावलांवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ये. इथवर ये." सगळा तळ बघत होता. त्यानं खाटेची कड सोडली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकताना तोंड वाकडं केलं. मग तिसऱ्यासाठी पाय उचलला, आणि सारजेनं दोन्ही हात पुढं केले, तेवढ्यात तो

आले, काकू! आले आले, पोथी मिटतेच आहे