परवाना काढणे

कंपनीची सगळी सॉफ्टवेअर क्लाउडवरच्या भांडारात असत आणि तिथे शिरण्याचे परवाने एआय एजंट सांभाळायचा. एजंटने कोणतं टूल कशासाठी वापरायचं हे त्याला टूलच्या वर्णनावरून कळे. परवान्याच्या टूलचं अभियंता शाल्मलीने लिहिलेलं सविस्तर वर्णन संचालक मिराशींनी छाटून दोन शब्दांवर आणलं: 'परवाना काढणे'.

पुढे भांडून नोकरी सोडलेल्या एकाचा परवाना काढायला सांगितलं, तर एजंटने त्याला नवा परवाना काढून दिला. त्या माणसाने रागात भांडारच पुसून टाकलं.

"एवढं साधं मराठी कळत नाही या यंत्राला?" मिराशी भर बैठकीत कडाडले.

"सर, जरा फोटो काढता?" शाल्मली म्हणाली.

मिराशींनी गोंधळून मोबाइल उचलला आणि तिचा फोटो काढला.

"मी भिंतीवरचा म्हणत होते."

कोणीच हसलं नाही. "तुझं वर्णन परत घाल," मिराशी हळूच म्हणाले. तिने घातलं. पुसलेलं काम मात्र परत आलं नाही, आणि फोटोचं ते उत्तर सुचल्याचा आनंद शाल्मलीला कधीच झाला नाही.