सिंधूताई कुठे आहेत

"मग त्या आत नाहीत, हे तुला सांगितलं कुणी?" विभागप्रमुख मुजावर मॅडमनी विचारलं.

"यंत्रांनी," समरजित म्हणाला.

मेंदूविकाराचं शिक्षण घेणारा तो तरुण डॉक्टर. परीक्षेत पहिला आलेला, आणि ते विसरू न देणारा.

समोरच्या खाटेवर सिंधूताई तारळेकर होत्या. शिवणकाम शिकवायच्या. अपघात झाल्यापासून पाच महिने डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. आत जाणीव उरलेली नाही, उपचार आवरते घ्यावेत, असा शेरा समरजितने लिहून आणला होता. फक्त मॅडमची सही बाकी होती.

"सीटी स्कॅन काय पाहतं?"

"क्ष-किरणांची सावली. हाड कुठे मोडलं, रक्त कुठे साकळलं."

"एमआरआय?"

"चुंबकाच्या जोरावर पाण्याच्या कणांकडून संकेत काढून घेतं. त्यातून मेंदूची बारीक रचना दिसते."

"ईईजी?"

"विजेच्या लहरी. यांच्या फार मंद आहेत. पेट स्कॅनमध्ये मेंदूत साखर कुठे खर्च होते ते कळतं. तीही कमीच."

"इतकं पाहिलंस... विचारलंस काय?"

"कुणाला?"

मॅडमनी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधूताईंना पुन्हा एमआरआयमध्ये नेलं. या वेळी मेंदूत रक्ताची धाव कुठे वाढते, ते पाहायचं होतं. मॅडम माइकपाशी बसल्या.

"सिंधूताई, मी 'चला' म्हटलं की मनातल्या मनात तुमच्या घरात फिरा. ओटीवरून माजघरात, तिथून परसात. 'थांबा' म्हटलं की थांबा."

अर्धा मिनिट चला. अर्धा मिनिट थांबा. असं पाच वेळा.

सिंधूताईंचं बोटसुद्धा हललं नाही.

तासाभराने आकडेमोड पुरी झाली आणि चित्र पडद्यावर आलं. 'चला' म्हटलं की मेंदूतली, ओळखीच्या वाटा आठवताना जागी होणारी एक ठरावीक जागा उजळत होती. 'थांबा' म्हटलं की विझत होती. पाचही वेळा.

समरजितने पाचही चित्रं पुन्हा तपासली. मग शेऱ्याचा कागद घडी करून त्याने खिशात टाकला.

"मॅडम... यंत्र तर तेच होतं. मग आधी का नाही कळलं?"

"आधी यंत्रात असताना त्यांना कुणी काही करायला सांगितलं नव्हतं."

समरजित खाली बसला.

"मी त्यांच्या उशाशी उभा राहून काय काय बोललो... पाच महिने."

मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि बाकीचे, मॅडम? ज्यांच्या चित्रात काहीच उजळत नाही, ते?"

मॅडम उठल्या.

"वॉर्डात शिरताना दार वाजवत जा," त्या म्हणाल्या.