एकही हरकत नाही

"किती हरकती आल्या?"

"एकही नाही, सर."

हे सांगताना निरंजनची मान आपोआप ताठ झाली. टिपणीस सर ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. बंदर खात्यात बत्तीस वर्षं नियमांचे मसुदे लिहून ते आता या खाडीकाठच्या गावात येऊन राहिले होते. निरंजनला मसुदा लिहायला त्यांनीच शिकवलं. त्याच्या पहिल्या मसुद्यावर त्यांनी इतकी लाल शाई ओतली होती, की पोरानं दोन दिवस डबा उघडला नव्हता.

"राजपत्रात छापला?"

"छापला. तहसील कचेरीच्या फलकावरही लावला. हरकती आणि सूचना तीस दिवसांत लेखी पाठवा, असं स्पष्ट लिहिलं. काल मुदत संपली. उद्या अंतिम सहीला जाईल."

"वाच."

"होडीत चढण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाने लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक राहील."

सरांनी उरलेल्या शेंगा खिशात टाकल्या.

गेल्या वर्षी याच खाडीत होडी उलटली होती. तीन माणसं गेली. चौकशीला निरंजनच आला होता, आणि धक्क्यावर चादरी पांघरून ठेवलेली ती तिघं अजून त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. नियम त्यानं पोटतिडकीनं लिहिला होता. सरांना ते ठाऊक होतं. त्यांचा या पोरावर फार जीव होता.

"चल, धक्क्यावर जाऊन येऊ," ते म्हणाले.

पलीकडे जाणारी होडी लागलेलीच होती. खात्यानं महिन्यापूर्वी वाटलेली जॅकेटं होडीत होती. कोरी करकरीत. त्यांवर चार बायका आरामात बसल्या होत्या.

निरंजनचा चेहरा उतरला.

पायरीशी चांगुणाबाई मासळीची टोपली खाली ठेवून दम खात होती. सरांनी तिला विचारलं, "चांगुणाबाई, हे आमचे साहेब. जॅकेटाचा नियम यांनीच केलाय. तुमची काही हरकत?"

"नाय बा. चांगला हाय नियम."

निरंजनला जरा बरं वाटलं.

"मग कुणी हरकत का नाही पाठवली?" सरांनी विचारलं.

"घालायचंच नाय, तर हरकत कशाला घ्यायची?"

निरंजनला राग आवरेना. "मावशी, गेल्या वर्षी तीन माणसं बुडाली इथं."

"ठावं हाय." चांगुणाबाईनं पदर सारखा केला. "त्यातली एक माजी जाऊ व्हती."

...

निरंजननं मान खाली घातली.

सरांनी होडीतलं एक जॅकेट मागून घेतलं आणि निरंजनच्या अंगात चढवलं. पट्टे स्वतः आवळले, शाळेत निघालेल्या मुलाची बटणं लावावीत तसे. मग चांगुणाबाईची चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली.

"सर, हे काय?"

"टोपली घे."

दोघांनी मिळून टोपली त्याच्या डोक्यावर दिली. ती चांगलीच जड होती. हात वर गेले, तसं जॅकेट वर सरकून हनुवटीला भिडलं.

"आता होडीत चढ."

निरंजननं पाऊल उचललं आणि तिथंच थांबला. छातीवरच्या त्या फुगीर जॅकेटामुळं पायरी दिसत नव्हती. मान वाकवावी, तर टोपली जाणार. पायाखाली शेवाळ लागत होतं. पाऊल धड पुढंही टाकवेना आणि मागंही घेववेना.

होडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मासळीचं पाणी त्याच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होतं.

"मावशी," तो तसाच, समोर बघत म्हणाला, "आत जाऊन, टोपली खाली ठेवल्यावर... मग घालाल?"

"मंग का नाय घालणार? मला काय मरायची हौस हाय?"

"बाकीच्या?"

"समद्या घालतील. कुणी इचारलंय कवा?"



"सर, 'चढण्यापूर्वी' चुकलं. आत बसल्यावर, होडी सुटायच्या आधी, असं हवं. उद्या फाईल सहीला पाठवत नाही. मसुदा पुन्हा काढतो, आणि या वेळी धक्क्यावर येऊन वाचून दाखवतो."

सर धक्क्याच्या कठड्यावर टेकले. उरलेल्या शेंगा त्यांनी खिशातून काढल्या.

"सर, आता ही टोपली तरी उतरवा."

"का? काही हरकत आहे?"

"आहे, सर."

सरांनी एक शेंग सोलली. दाणे चांगुणाबाईच्या हातावर ठेवले.

"लेखी दे," ते म्हणाले. "तीस दिवस आहेत."