कोरड्या वाळूवरचा पूल

एका राज्यात एक शब्द शापित होता: द्रष्टा. पूर्वीच्या राजांनी तो खिरापतीसारखा वाटला, तेव्हा एका मांत्रिकाने संतापून शाप दिला, "हा शब्द ज्याला वेळेआधी मिळेल, तो पाषाण होईल. वेळेवर, मनापासून उच्चारला गेला, तरच पाषाण बोलेल."

राजा भद्रवर्मा हे विसरला. कौतुकाच्या भरात, भर दरबारात लेकाला म्हणाला, "इंद्रसेना, तू द्रष्टा आहेस!" आणि इंद्रसेन उभ्या जागी दगड झाला. शापाची मुदत अमावास्येपर्यंत; तोवर सुटला नाही, तर कायमचा दगड.

शब्द खऱ्या धन्याला मनापासून दिला, तर दादा सुटेल, असे वाटून त्याची धाकटी बहीण मेधावती तो धनी शोधायला निघाली. वाटेत भारद्वाज पक्षी भेटला. म्हणाला, "तीन ठिकाणी नेतो. नीट पाहिल्यावाचून शब्द कोणाला देऊ नका, ताईसाहेब. दगड उचलायला मी येणार नाही."

पहिल्या डोंगरावर एक भविष्यवेत्ता बसला होता.

"उद्याच्या वाऱ्यात माझे छप्पर उडणार," तो म्हणाला.

"मग दोर का बांधत नाही?"

"उडणारच, तर बांधायचे कशाला?"

याला पुढचे दिसते, पण हात हलत नाही. शब्द याचा नव्हे. मेधावती नमस्कार करून निघाली.

दुसऱ्या डोंगरावर एक जादूगार ढगांचे महाल रचत होता. महाल फार सुंदर होते.

"जिना कुठे आहे?" तिने विचारले.

"जिना? केवढी क्षुद्र शंका!"

कल्पना अफाट, पण तिथे त्याला स्वतःलाही जाता येत नव्हते. मेधावतीने शब्द ओठांतच ठेवला.

अमावास्येच्या सकाळी भारद्वाज तिसऱ्या ठिकाणी उतरला. तिथे वाळूवर एक पूल उभा होता.

"हा तर दादाचा पूल!" ती ओशाळली. तीन पिढ्या निजलेल्या नदीवर इंद्रसेनाने तो बांधला, तेव्हा तिनेच विचारले होते, "दादा, वाळूला पोहता येत नाही का रे?"

"आता पाहा," पक्षी म्हणाला.

तिने पाहिले. ओझी टेकायला कट्टे होते. होड्या बांधायला कड्या होत्या. कठडा इतका ठेंगणा, की शेळीचे करडूही त्याला अंग घासत जाईल. हे सारे कोणासाठी?

तेवढ्यात नदी जागी झाली. लोंढा आला. काठचे गाव पुलाकडे धावले. सर्वांत पुढे, करडू हाकत, एक म्हातारी होती. पूल पहिल्यांदा ओलांडणाऱ्याने बांधणाऱ्याचे नाव घ्यावे, अशी तिथली रीत.

"कुणाचं नाव घेऊ गं पोरी?"

"इंद्रसेनाचे."

म्हातारी पैलतीरी पोचली, वळली आणि पाण्यात बुडालेले आपले घर पाहत राहिली.

"इंद्रसेन! अगं, पाणी यायच्या आधी त्याला पाणी दिसलं. आणि पाण्यातून धावणारे आम्हीही दिसलो. द्रष्टा गं, द्रष्टा!"

मेधावती धावत राजवाड्यात आली. दरबारात उभा असलेला दगड हसत होता.

"काय मेधे, वाळूला पोहता आलं का?"

राजाने शब्द वाटणे बंद केले. तेव्हापासून त्या राज्यात द्रष्टा हा शब्द तोंडावर कोणी देत नाही. आधी पूल ओलांडतात, मग मागे वळून म्हणतात.