उकिरड्यावरची वेल

खूप वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, पानवेलींचं एक गाव होतं. तिथे पानमळा म्हणजे देऊळच. चपला कुंपणाबाहेर काढायच्या, पाय धुवायचे, मगच आत शिरायचं. कचऱ्याची काडीही आत न्यायची नाही.

एका वर्षी वेलींवर करपा पडला. पानं काळी पडून गळू लागली. पाटलांनी हुकूम सोडला, "डाग दिसेल तो मळा मुळासकट कापा आणि जाळा!" एकामागून एक मळे जळू लागले.

गावात एक एकटी बाई होती. वीस वेली, एवढाच तिचा संसार. तिच्या पानांवर डाग दिसताच पाटील कोयता घेऊन आले.

"पंधरा दिवस थांबा," बाई म्हणाली.

"कशापायी गं?"

तिने उकिरड्याकडे बोट दाखवलं. कुणीतरी फेकलेलं वेलीचं कांडं तिथे रुजलं होतं. लसणाच्या टरफलांत आणि डाळिंबाच्या सालांत ती वेल हिरवीगार उभी होती. तशी ती गावाला रोज दिसायची. पण उकिरड्याकडे बघतो कोण!

"ती सालं भिजवून त्यांचं पाणी वेलींवर शिंपडते."

"उकिरडा मळ्यात? मळा बाटेल!"

"बाटेल?" बाई कडाडली. "तुमच्या वेलींना शेणखत घातलंत, तेव्हा सोवळं कुठं गेलं होतं? मी दारातून हलायची नाही. कोयता आधी माझ्यावर चालवा!"

बाईवर कोयता चालवायची छाती कुणाची होती? पाटील हात हलवत परतले.

बाईने सालं रांजणात भिजवली. डागाळलेली पानं खुडली आणि रोज सकाळी ते पाणी गाळून वेलींवर शिंपडलं. लोक नाक दाबून हसले. तिने कुणाला भीक घातली नाही.

पंधराव्या दिवशी तिच्या वेलींना स्वच्छ, कोवळी पानं फुटली. आणि त्याच दिवशी पाटलांच्या मळ्यात डाग दिसले! आता हुकूम त्यांचा आणि मळाही त्यांचाच.

पाटील तिच्या दारात आले. चपला त्यांनी लांबच काढल्या होत्या.

"बाई, थोडं पाणी द्याल?"

"पाणी नाही, टोपली देते. उकिरड्यावर जा, सालं स्वतः वेचा आणि डोक्यावरून आणा. भर गावातून."

पाटलांनी टोपली उचलली. त्यांचा मळा वाचला. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, त्या गावात तो महिन्याभरात फिटला. पण जाळलेले मळे काही परत आले नाहीत.

तात्पर्य: डोळ्यांना खरं दिसलं, की ते उकिरड्यावरचं असलं तरी उचलावं आणि कोयत्यापुढेही सोडू नये.